कणीस कोळशावरचे की गॅसवरचे?

गेल्या डिसेंबरात आमच्या वर्गाची सहल अलिबागजवळच्या एका किनाऱ्यावर गेली होती. संध्याकाळी सुरूच्या बनाबाहेर 'बार्बेक्यू' करायचे ठरले आणि तेथेच वर्गात दोन तट पडले. एकाने मुंबईच्या मामांकडून गॅसवर चालणारी चकचकीत शेगडी आणली होती. दुसऱ्यांनी बाजारातून कोळशाचे पोते. "गॅसवर भाजायचं तर घरीच बसलो असतो की! इथवर यायचं कशाला?" असा एका बाजूचा सवाल, तर "तासभर फुंकत बसा, तोवर आम्ही खाऊन झोपतो," असे दुसऱ्या बाजूचे उत्तर. शेवटी हात वर करून मते घेतली. कोळशाला सत्तावीस, गॅसला चार. त्या चारांत मी होते. खेड्यातली मुलगी गॅसच्या बाजूने कशी, याचे पुष्कळांना नवल वाटले. त्या रात्री मी काही बोलले नाही. ते आज लिहीत आहे.

माझी आई किनाऱ्यावर कणसे भाजून विकते. शाळेत होते तेव्हापासून शनिवार-रविवार मी तिच्या गाडीवर उभी राहते. या विषयातले माझे शिक्षण तेथले आहे, एवढे सांगून पुढे जाते.

आधी चवीचे बोलू. कोळशावरची चव वेगळी लागते हे खरे आहे, उगाच नाकारण्यात अर्थ नाही. पण ती चव कोळशात असते ही समजूत मात्र चुकीची. लाकडाचा कोळसा होतानाच त्यातले पाणी, डिंक आणि बहुतेक धूर निघून गेलेला असतो. उरतो तो मुख्यतः कार्बन. नीट फुललेल्या निखाऱ्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. मांस भाजताना जो खमंग वास सुटतो, तो निखाऱ्यावर पडून जळणाऱ्या चरबीच्या थेंबांचा. गॅसच्या चांगल्या शेगडीत बर्नरवर लोखंडी पट्ट्या असतात. थेंब त्यांवर पडतात आणि थोडाफार तोच प्रकार घडतो.

कणसात चरबी नाही. तेथे फरक पडतो तो धगीचा. निखारा ज्वाळेशिवाय, आपल्या तांबड्या अंगाने तापवतो. दाण्यांना कोरडी आणि सारखी धग लागते. गॅसची निळी ज्योत लागेल तेथे करपवते आणि शेजारचा दाणा कच्चा ठेवते. शिवाय गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते. विज्ञान शाखेतल्या माझ्या मैत्रिणीने सांगितले की, एक किलो गॅस जळला तर दीड किलोहून अधिक पाणी वाफ होऊन बाहेर पडते. एका किलोतून दीड किलो कसे, म्हणून मी तिच्याशी भांडले. तेव्हा तिने वहीत समीकरण मांडून दाखवले की बाकीचे वजन हवेतल्या ऑक्सिजनचे. असो. बर्नरवर जाळी ठेवली, कणीस थोडे उंच धरले आणि हात न थांबवता फिरवत राहिले, तर हा फरक पुष्कळ कमी होतो. वर मीठ-तिखट लावलेली लिंबाची फोड चोळली की राहिलेला फरक ओळखणारा मला अजून भेटायचा आहे.

तरीही वाद केवळ चवीचा असता, तर मी मुकाट्याने कोळशाला मत दिले असते. मलाही कोळशावरचेच कणीस आवडते.

पण कणीस खाणारा शेगडीजवळ पाच मिनिटे उभा असतो आणि भाजणारी सहा-सात तास. दुपारी आई करवंट्या आणि नारळाची सोडणे पेटवून त्यावर कोळसा रचते. तेव्हाचा धूर डोळ्यांत जातो, तो तिच्या भाषेत 'रोजचाच'. पुढे गिऱ्हाईक वाढेल तसा पुठ्ठ्याचा पंखा हलवायचा. ठिणगी उडते, पदराला भोक पडते. तिच्या एकाही साडीचा पदर धड नाही. रात्री ती खोकत असते. निखारा फुलला की धूर दिसेनासा होतो, पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो, आणि त्याला रंग नाही की वास नाही. सहलीच्या रात्री विझत आलेली शेगडी ऊब मिळावी म्हणून तंबूत न्यायला आमची काही मंडळी निघाली होती. मी आरडाओरडा करून ती बाहेर ठेवायला लावली. तेवढ्यापुरते मला 'गॅस कंपनीची एजंट' हे नाव पडले.

आणि कोळसा येतो कोठून? आमच्या रायगड जिल्ह्यातल्या कातकऱ्यांना हे विचारावे. ठेकेदाराकडून उचल घ्यायची, दिवाळीनंतर बायकामुलांसह कोळशाच्या भट्टीवर जायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे, हे त्यांच्यातल्या कितीतरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. लाकडे रचून त्यांवर गवत-पाला आणि माती लिंपतात, आत आग लावतात आणि काही दिवस ती धुमसत ठेवतात. रात्रीही पहारा करावा लागतो. माती कोठे ढासळली आणि हवा आत शिरली, तर कोळशाऐवजी राख हाती येते. अशा भट्टीत एक किलो कोळशासाठी साधारण पाच-सहा किलो लाकूड लागते. आमच्या प्राथमिक शाळेत पाढे सर्वांत आधी पाठ करणारा मुलगा कातकरी होता. दिवाळीनंतर तो दिसेनासा व्हायचा. चौथीत गेला तो परत आलाच नाही. कोळशाचे पोते सोडताना मला कधीकधी त्याची आठवण येते.

पोपटीचे मात्र वेगळे. थंडीत वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे आणि भांबुर्ड्याचा पाला मडक्यात भरायचा, मडके उपडे घालून भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा. तेथे गॅस आणायची भाषा कोणी केली, तर मीच त्याला हाकलून देईन. तो जाळ वर्षातून चार वेळा होतो आणि त्याचा धूर भोवती बसलेल्या सगळ्यांच्या डोळ्यांत सारखाच जातो.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा तत्सम स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. त्यानंतर महापालिकेने कोळशाचे तंदूर वापरणाऱ्या हॉटेलांनाही नोटिसा दिल्या. कारण शहराच्या हवेचे होते. मी त्या वेळी वाचलेल्या बातम्यांत पावाची आणि तंदुरी रोटीची चव जाणार का, याची चर्चा बरीच होती. भट्टीच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या माणसाविषयी फार थोडे होते. खर्चाची हरकत मात्र मला पटते. आमच्यासारख्यांनाही तीच आडवी येते. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही. धंद्याचा १९ किलोचा घ्यावा, तर अनामतीसह मोठी रक्कम एकदम काढावी लागते. कोळसा रोजच्या विक्रीतून रोज घेता येतो. वर्गातला एक मित्र म्हणाला, "कोळसा तरी आपला, गॅस निम्म्याहून जास्त परदेशातून येतो." त्याचे म्हणणे खरे आहे. पण त्यासाठी धूर एकट्या आईने का गिळायचा, याचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते.

या वर्षी माझे शिष्यवृत्तीचे पैसे आले, तेव्हा मी ५ किलोचा लहान सिलिंडर आणि एका बर्नरची शेगडी घेतली. ओळखपत्र दाखवले की तो सिलिंडर मिळतो. समुद्राच्या वाऱ्याने ज्योत विझू लागली, म्हणून तिन्ही बाजूंनी पत्रा लावला. कणसे बरी भाजली जात होती. आई पहिल्या दिवशी म्हणाली, "आज डोळे चुरचुरले नाहीत गं." पण लोक गाडीपाशी यायचे, वाकून पाहायचे, "मावशी, कोळशावरचं नाही का?" म्हणायचे आणि शेजारच्या गाडीवर जायचे. न चाखताच! अकरा दिवस आम्ही तग धरला. बाराव्या दिवशी आईने पुन्हा कोळसा पेटवला. "निखारा दिसला की माणूस थांबतो. तुझं पुस्तक बरोबर असेल, पण कणसं मला विकायची आहेत," ती म्हणाली. यावर माझ्याजवळ काय उत्तर असणार? ती शेगडी आता घरी चहाला आहे.

मी मात्र अजून हट्ट सोडलेला नाही. आईशी बोलून असे ठरले आहे की, येत्या सुट्टीत गाडीवर दोन्ही शेगड्या मांडायच्या. डिसेंबरात कोळशाला मत देणाऱ्या सत्तावीस जणांना माझे आमंत्रण आहे. डोळे बांधून दोन कणसे हातात देईन, कोळशावरचे कोणते ते सांगावे. पैसे मात्र दोन्ही कणसांचे घेईन.