‘कट्ट’ आवाजाच्या मागे

चिंचोटी नाक्यावरून कामण-भिवंडी रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या चालकांची कंबर हा आमच्या ओपीडीतला नेहमीचा विषय. पूर्वी उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेत. परवा एका टेम्पोचालकाने मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवून विचारले, ‘डॉक्टर, कायरोप्रॅक्टिक हाताने करू की मशीनने?’

अमेरिकेत १८९५ मध्ये डी. डी. पामर यांनी ही पद्धत सुरू केली. हाताने करताना सांध्याला नेमक्या दिशेने झटका देतात आणि ‘कट्ट’ आवाज येतो. मणका जागेवर बसल्याचा तो आवाज नव्हे. सांध्यातल्या द्रवाचा दाब अचानक घटून वायूची पोकळी तयार होते. बोटे मोडतानाही हेच घडते. अ‍ॅक्टिव्हेटर हे हातात मावणारे स्प्रिंगचे उपकरण. ते अंग न पिरगाळता टिचकीसारखा छोटा, जलद ठोका देते.

दोन्हींची तुलना झाली आहे. कंबरदुखी सुरू होऊन तीन महिनेही न झालेल्या १०७ जणांवरची अमेरिकेतली चाचणी २०१५ मध्ये ‘स्पाइन’ या नियतकालिकात आली. चार आठवड्यांनी हाताच्या उपचाराने जास्त आराम दिसला. यंत्र नेहमीच्या वैद्यकीय उपचारांपेक्षा सरस ठरले नाही. तीन आणि सहा महिन्यांनी मात्र तिन्ही गट सारखेच. हाताची सरशी झाली, पण थोड्या दिवसांची. नवी कंबरदुखी बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप ओसरते, हे ‘दहा सिटिंगचे पॅकेज’ विकणारा सांगत नाही.

मला कंबरेपेक्षा मानेची धास्ती वाटते. मानेला झटका दिल्यानंतर मेंदूकडे जाणारी धमनी आतून फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. प्रकार विरळ, पण झालेले नुकसान भरून येईलच असे नाही. सलूनमध्ये दाढीनंतर फुकटात मान मोडून घेणाऱ्यांनीही हे ऐकावे.

शिवाय आपल्याकडे कायरोप्रॅक्टरसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. फिजिओथेरपिस्टसाठी राज्यात आहे. त्यांचा नोंदणी क्रमांक तरी विचारता येतो.

टेम्पोचालकाला मी आधी विचारले ते वेगळेच: पायात बधिरपणा? लघवी अडते? ताप, वजन घटणे, कुठे पडलात? यातले काही असते तर हात काय आणि यंत्र काय, आधी तपासणीच करावी लागली असती. तसे काही नव्हते. वेदनाशामक गोळ्या दिल्या, झोपून राहू नका, चालत राहा म्हणालो, फिजिओथेरपीची चिठ्ठी लिहिली.

‘म्हणजे कट्ट नाही करायचं?’ तो जरा हिरमुसलाच.