विकतची खुर्ची

लढाऊ विमानाची छोटी मॉडेलं करणाऱ्यांत हल्ली एक जमात फार माजली आहे. विमानातली खुर्ची, पट्टे, तबकड्या सगळं ती परदेशी पाकिटातून तयार मागवते, चिकटवते आणि वर आम्हालाच विचारते, "जवळा बाजारात बसून तुम्ही काय मिग करणार?"

का हो? आमच्या गावाच्या नावातच बाजार जवळ आहे! गोळ्यांच्या पाकिटाची चांदी कापली की खुर्चीचे पट्टे झाले. पंपाची मोटर भरणाऱ्याकडची तांब्याची तार म्हणजे वायरिंग. इंजेक्शनची जुनी सुई ही नाकापुढची पिटो नळी. हिशेबही सोपा. मिग-२१ च्या पंखांचा पसारा ७.१५ मीटर, त्याचा बहात्तरावा भाग जेमतेम १० सेंटिमीटर.

पण मुद्दा पैशाचा नाहीच. पोळ्याला मातीचा बैल करणारं पोरगं वशिंड नेमकं कुठं असतं ते बघायला गोठ्यात जातं. विकतचा बैल आणणाऱ्याला गोठ्याची गरजच काय? खुर्चीचंही तसंच. ती स्वतः घडवली तरच वैमानिक किती अडचणीत बसत होता ते कळतं.

यातली शेकडो विमानं नाशिकजवळ ओझरला आपल्याच माणसांनी बांधली. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हवाई दलानं त्यांना निरोप दिला. आता आपल्या आभाळात ती दिसायची नाहीत. निदान बोटांना तरी ती ठाऊक असू द्या! सगळंच विकत घ्यायचं तर सरळ खेळणं घ्या की. त्याला मॉडेल कशाला म्हणता?