गिरण्या कां आल्या, गिरण्या कां गेल्या?

गेल्या चैत्रांत आमचा एक जुना विद्यार्थी आपल्या मुलास घेऊन आमच्या घरीं आला होता. मुलाची भूगोलाची परीक्षा नुकतीच झाली होती. मुंबईंत कापडाच्या गिरण्या कां वाढल्या, या प्रश्नास त्यानें ‘दमट हवेमुळें’ एवढेंच उत्तर लिहिलें होतें. तें ऐकून बाप हंसला व म्हणाला, “गुरुजी, आम्हांलाही आपण हेंच शिकविलें होतें. मुंबईची हवा अजून तशीच दमट आहे. मग गिरण्या कां गेल्या?” या गृहस्थाचे वडील मुंबईंत एका गिरणीच्या विणकर खात्यांत कामास होते. १९८२ च्या संपानंतर ते कोंकणांतल्या आपल्या गांवीं परतले, ते पुन्हां गिरणींत गेले नाहींत. आम्हांस तत्काळ उत्तर सुचलें नाहीं. आज तें वाचकांपुढें ठेवितों.

हवेची गोष्ट अगदींच खोटी नव्हे. कोरड्या हवेंत सूत वारंवार तुटतें, दमट हवेंत कमी तुटतें. परंतु अहमदाबादेची हवा कोरडी असतां तेथें १८६१ सालीं रणछोडलाल छोटालाल यांची गिरणी चालूं झाली, आणि सोलापुरासही १८७७ पासून गिरण्या चालल्या. खात्यांत पाण्याचे सूक्ष्म तुषार सोडून हवा दमट करितां येते, हें कळल्यावर तर या कारणाचें महत्त्व फारच उणें झालें.

न्यायशास्त्रांत घटाचें उदाहरण प्रसिद्ध आहे. माती हें उपादान खरें. पण कुंभार, चाक व दंड यांवांचून घट होत नाहीं. गिरणीचें उपादान रुई. मग जेथें कापूस पिकतो त्या वऱ्हाडांतच साऱ्या गिरण्या कां निघाल्या नाहींत? याचें मर्म वजनांत आहे. शंभर मण उंसांतून साखर निघते ती सुमारें दहा-अकरा मण. म्हणून साखरेचा कारखाना उंसाच्या फडाजवळच हवा. वेचलेल्या कापसांतही रुई सुमारें एक तृतीयांशच, बाकी सरकी. म्हणून सरकी काढण्याचे व गांठी बांधण्याचे कारखाने खामगांव, अमरावती, यवतमाळ अशा ठिकाणीं निघाले. परंतु एकदां रुई झाली, कीं तिचें सूत व कापड होतांना वजन फारसें घटत नाहीं. रुईची गांठ वाहून नेणें आणि कापडाचा गठ्ठा वाहून नेणें यांत भाड्याचा मोठा भेद नाहीं. सबब गिरणी कापसास बांधलेली नाहीं. इतर गोष्टी अनुकूल असतील तेथें ती जाते.

मुंबईस त्या सर्व अनुकूल होत्या. कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं कंपनी काढली व १८५६ सालीं ताडदेवास गिरणी सुरू झाली. व्यापारांत सांठलेलें भांडवल तेथें होतें. यंत्रें व कोळसा उतरवावयास बंदर होतें, चीनकडे सूत धाडावयास जहाजें होतीं. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी जाऊं लागली आणि देशावरचा कापूस बंदराशीं येऊं लागला. हातांना काम हवें असलेली माणसें रत्नागिरी व सातारा जिल्ह्यांतून आलीं. तरीही जमशेटजी टाटांनीं १८७७ सालीं एम्प्रेस गिरणी काढली ती नागपुरास. कारण कापूस, वरोऱ्याचा कोळसा व आगगाडी हीं तिन्ही तेथें हाताशीं होतीं.

आतां गिरण्या कां गेल्या, तेंही याच हिशेबानें उलगडतें. वीज गांवोगांव पोंचली, तेव्हां कोळशाच्या बंदराची गरज सरली. भिवंडी, मालेगांव, इचलकरंजी येथील यंत्रमागांवर कापड स्वस्त पडूं लागलें. जुनी यंत्रें बदलण्याकडे अनेक मालकांनीं दुर्लक्ष केलें. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लक्ष कामगार होते. त्यानें खचलेल्या धंद्यास मोठा धक्का दिला, पण सारा दोष एकट्या संपाचा म्हणणें अन्यायाचें होईल. अखेरीस गिरणीखालच्या जमिनीस असें मोल आलें, कीं तिच्यावर कापड विणणें मालकांस तोट्याचें वाटूं लागलें.

कारणें बदलतांच भांडवल हलतें. रुईची गांठही हलते. परंतु जो मनुष्य तीस वर्षें एकाच खात्यांत राबला, त्यास तितक्या सहज हलतां येत नाहीं. कोंकणांतील कित्येक घरांची चूल गिरणीच्या मनिऑर्डरीवर पेटत असे. ती बंद झाली त्याचा हिशेब भूगोलाच्या पुस्तकांत नसतो.

असो. आपल्या घरांतील मुलें हें प्रकरण पाठ करीत असतील, तर ‘दमट हवा’ या दोन शब्दांवर त्यांस थांबूं देऊं नये. उद्योग एखाद्या ठिकाणीं कां आला, हें विचारतांना तो तेथून केव्हां जाईल व मागें कोण राहील, हेंही त्यांस विचारावयास शिकवावें. आम्हीं तें शिकविलें नाहीं, ही आमची चूक आम्ही त्या विद्यार्थ्याजवळ पत्रानें कबूल केली आहे.