मांडूळ मातीतच बरे

शिरूर-दौंडकडची तरुण मुले हल्ली विचारतात, ‘पहिला साप कोणता पाळावा?’ देशी साप एकही नको, असे मी सांगतो, आणि ती हिरमुसतात.

भीमेच्या दोन्ही तीरांवर साप घरात दडवला जातो तो हौसेपेक्षा लोभापायी. शेपूट तोंडासारखे बोथट, एवढ्यावरून बिचारे मांडूळ ‘दुतोंडी’ ठरले; गुप्तधनाच्या नादी लागलेल्यांनी त्याचा भाव वजनावर लाखांत नेला. ते बिनविषारी, म्हणून पाळायला सोयीचे, असे म्हणतात. पण ज्याचे आयुष्य भुसभुशीत मातीत, उंदरांच्या मागावर जाते, त्याने बादलीत काय करावे? शिवाय डुरक्या समजून घोणशीचे पिल्लू उचलणारे वीर आहेतच. पिल्लालाही विष असते, महाराज!

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने देशी साप घरात ठेवणे गुन्हा आहे. परदेशी बॉल पायथनसारख्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनी सक्तीची झाली. कागद झाला तरी पेटीचे काय? तिला कुलूपबंद झाकण हवे, एक टोक उबदार, दुसरे गार हवे. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, त्यात वीज जाते; गच्चीवरच्या खोलीतली काचेची पेटी म्हणजे भट्टीच.

सापांचे कुतूहल असेल तर कात्रजचे सर्पोद्यान पाहावे. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे दाखवायला नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काढले होते. आणि उसाच्या बांधावर मांडूळ दिसलेच, तर त्याला वाट द्यावी. उंदीर ते आपणहून खाईल.