महापौरांची रिकामी खुर्ची मतदारांनीच भरावी

महापौरांचं मुदतीआधी निधन झालं, तर उरलेल्या दीड-दोन वर्षांसाठी लाखो लोकांना पुन्हा मतदानाला कशाला बोलवायचं? सभागृहातले सदस्यही लोकांनीच निवडलेले असतात, त्यांनीच एक नाव ठरवावं, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला हे म्हणणं घातक वाटतं.

सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर एड ली १२ डिसेंबर २०१७ रोजी अचानक गेले. नियमाप्रमाणे पर्यवेक्षक मंडळाच्या, म्हणजे शहराच्या सभागृहाच्या, अध्यक्ष लंडन ब्रीड हंगामी महापौर झाल्या. जानेवारीत मंडळाने त्यांना बाजूला सारून मार्क फॅरेल यांना नेमलं. ब्रीड उरलेल्या मुदतीसाठीच्या निवडणुकीला उभ्या होत्या, पदावर राहून लढल्या तर त्यांचं पारडं जड होईल, हे कारण. त्यात तथ्य होतं. खुद्द ली २०११ मध्ये मंडळाच्याच नेमणुकीने आले, लढणार नाही म्हणाले आणि त्याच वर्षी लढून जिंकले. पण सरकारी वसाहतीत आजीने वाढवलेल्या कृष्णवर्णीय बाईला उठवून एक श्रीमंत गोरा गुंतवणूकदार बसवला, हे ब्रीड यांच्या समर्थकांच्या जिव्हारी लागलं. मूठभर सदस्यांच्या बेरीज-वजाबाकीत या संतापाला जागा नव्हती. मतपत्रिकेत होती.

खर्चाचा मुद्दाही टिकत नाही. ५ जून २०१८ ला कॅलिफोर्नियाची प्राथमिक निवडणूक ठरलेलीच होती, त्याच दिवशी महापौरपदाचं मतदान झालं.

मतदाराने पहिली, दुसरी, तिसरी पसंती द्यायची होती. मार्क लेनो आणि जेन किम या उमेदवारांनी आपापल्या मतदारांना सांगितलं, दुसरी पसंती आमच्यापैकी दुसऱ्याला द्या. याला संगनमत म्हणणं अन्यायाचं आहे. हा समझोता जाहिरात करून, उघड्यावर झाला आणि तो मानायचा की नाही हे मतदाराच्या हाती राहिलं. बंद दाराआडच्या नेमणुकीत तेच नसतं. अनेक दिवस मोजणी चालली, सुरुवातीला लेनो पुढे होते, शेवटी ब्रीड सुमारे अडीच हजार मतांनी जिंकल्या.

आपल्याकडे नगरसेवकच महापौर निवडतात, मग तिथे काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. मुंबईत कारभाराची सूत्रं आयुक्तांकडे असतात. सॅन फ्रान्सिस्कोत अंदाजपत्रक महापौरच मांडतो; २०१७-१८ मध्ये ते सुमारे दहा अब्ज डॉलरचं होतं. एवढी सत्ता उसन्या कौलावर देऊ नये.

फॅरेल त्या निवडणुकीला उभे राहिले नाहीत. ते त्यांच्या मर्जीवर नको. हंगामी महापौराला पुढच्या निवडणुकीत उमेदवारी बंद, असा नियमच हवा.