नवे घ्यावे की जुने ठेवावे?

शाळेच्या संगणक कक्षात किंवा बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात एक वाद तुम्ही नक्कीच ऐकला असेल. एक जण म्हणतो, "आता नवी विंडोज टाकून घ्या." दुसरा म्हणतो, "चालते आहे ना? मग कशाला हात लावायचा?" काहींच्या घरी अब्बा किंवा भाईजान हाच प्रश्न तुम्हाला विचारत असतील. कारण घरात संगणक शिकलेले तुम्हीच! म्हणून या प्रश्नाचा आज नीट विचार करू.

विंडोज ही संगणकाची कार्यप्रणाली आहे. संगणक हे नुसते यंत्र. त्याच्याकडून काम करून घ्यायला एक कारभारी लागतो. तुम्ही कळ दाबली की अक्षर पडद्यावर आणणे, प्रिंटरला हुकूम देणे, फाइल जागेवर ठेवणे आणि दाराशी आलेल्या परक्याला अडवणे, ही सारी कामे हा कारभारी करतो.

विंडोज १० ही प्रणाली जुलै २०१५ मध्ये आली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिची नेहमीची मोफत देखभाल कंपनीने थांबवली. ज्यांना हवी त्यांच्यासाठी सुरक्षेची मुदत आणखी एक वर्ष, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून देण्याची सोय केली. शाळांसाठी आणि कंपन्यांसाठी पैसे भरून याहून अधिक मुदतीची सोय ठेवली. पण देखभाल थांबली म्हणून संगणक बंद पडला का? मुळीच नाही. तो कालच्यासारखाच सुरू होतो, कालच्यासारखाच चालतो. म्हणूनच लोक फसतात.

आपल्या जिल्ह्यातल्या माणसांना हे वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातली आणि आपल्याकडची सास्तूरसारखी गावे क्षणात ढासळली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे जड छप्पर! आदल्या रात्री ती घरे मजबूतच दिसत होती. त्यांतला धोका डोळ्यांना दिसणारा नव्हता. देखभाल थांबलेल्या प्रणालीचेही असेच असते. भिंत उभी दिसते, पण आतला सांधा सैल झालेला असतो.

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा एक घातक प्रोग्राम जगभर पसरला. तो संगणकात शिरून सगळ्या फाइलींना कुलूप लावी आणि किल्लीसाठी खंडणी मागे. ब्रिटनमधल्या रुग्णालयांना रोग्यांच्या ठरलेल्या तपासण्या रद्द कराव्या लागल्या. विशेष म्हणजे यावरचा उपाय कंपनीने दोन महिने आधीच दिला होता. ज्यांनी तो बसवून घेतला नव्हता, त्यांच्यावर ही पाळी आली.

मग काय, सगळ्यांनी आजच नवी प्रणाली घ्यावी? माझे मत तसे नाही. 'नवे ते चांगले' ही समजूतसुद्धा 'जुने ते सोने' इतकीच अर्धवट आहे. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आली. घाई करणाऱ्या अनेकांचे संगणक तिच्या ओझ्याने मंदावले आणि ते पुन्हा जुन्या एक्सपीकडे वळले. २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ तर प्रत्येक संगणकावर चढतच नाही. तिला किमान चार जीबी स्मरणशक्ती, चौसष्ट जीबी साठवण, नव्या पिढीचा प्रोसेसर आणि सुरक्षेची एक खास चिप लागते. २०१८ च्या आधीचे बहुतेक संगणक या कसोटीला उतरत नाहीत. म्हणजे प्रणालीबरोबर संगणकच नवा घ्यावा लागतो. ज्या घरात पेरणीचा खर्च आणि फी एकाच महिन्यात येतात, त्या घराला हे सांगणे सोपे नाही.

भूकंपानंतर काय केले, ते आठवा. काही गावे नव्या जागी वसवली. पण सगळीच घरे पाडली नाहीत. अनेक ठिकाणी जुन्या भिंतींत जोड दगड आणि पट्टे बसवून, माळवदावरची माती कमी करून घरे बळकट केली. संगणकालाही असे मधले मार्ग आहेत. लिनक्स ही प्रणाली लिनस टोरव्हाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केली. ती मोफत मिळते आणि तिच्या काही हलक्या आवृत्त्या जुन्या संगणकावरही चालतात. केरळच्या शासकीय शाळांत अनेक वर्षांपासून अशीच प्रणाली वापरली जाते. पण उर्दू छपाईचे 'इनपेज' विंडोजसाठी बनलेले आहे. लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानदाराला लिनक्सवर त्याची अडचण येईल. शाळेला जे सोयीचे, ते त्याला सोयीचे असेलच असे नाही.

तर मग ठरवायचे कसे? मी एकच प्रश्न विचारतो : या संगणकात कोणाची अमानत आहे? अमानत हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे आणि आमच्या मराठीतही. ज्या संगणकावर तुम्ही फक्त चित्रे काढता, टायपिंगचा सराव करता आणि जो इंटरनेटला जोडलेला नाही, तो खुशाल जुना ठेवा. त्यात नुकसान झाले तर तुमचेच. पण ज्या दुकानात शेतकरी पीकविम्याचा अर्ज भरतो, विधवा बाई आधार कार्ड ठेवून जाते, मुली शिष्यवृत्तीसाठी बँकेचा खाते क्रमांक देतात, तिथे गोष्ट वेगळी. तो संगणक दुकानदाराचा असला, तरी त्यातली माहिती लोकांची आहे. दुसऱ्याच्या ठेवीवर जोखीम घेण्याचा हक्क आपल्याला नाही. तिथे मुदतवाढ घ्या, लिनक्स घ्या किंवा नवा संगणक घ्या; पण उघड्या दाराचे घर चालवू नका.

आणि स्वस्तात मिळते म्हणून चोरीची प्रत घेऊ नका. ती करणाऱ्याने आत काय दडवले आहे, ते आपल्याला कळत नाही.

बदल करायचा ठरला, तर आधी सगळ्या फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढा. जुना प्रिंटर नव्या प्रणालीवर चालेल का, ते पाहा. दहा संगणक असतील, तर आधी एकच बदला. शेतकरी अनोळखी बियाणे सगळ्या रानात पेरत नाही. आधी एका तुकड्यात पेरून पाहतो.

मित्रांनो, उद्या अब्बांनी विचारले, "नवी टाकू का?" तर लगेच हो म्हणू नका, लगेच नाहीही म्हणू नका. आधी त्यांना विचारा, "अब्बा, या संगणकात लोकांचे काय काय ठेवले आहे?" उत्तर तिथूनच सुरू होईल.