पाळणा हलत नाही? पोराचीही तपासणी करा

आज पिकाचं नाही, घरातलं बोलतो.

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि मूल नाही, की आपण सुनेला दवाखाने, नवस, अंगारे सगळं करायला लावतो. पोराला कोणी विचारत नाही. मूल न होणाऱ्या निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. उगवण झाली नाही तर आपण नुसत्या जमिनीला दोष देतो का? बियाणंही बघतोच ना.

कारणं बरीच असतात. त्यातली दोन आपल्या शेडात नि खिशात आहेत. पहिलं शिसं. फवारणी पंपाची जुनी बॅटरी फोडून शिसं वितळवणारे मी पाहिलेत. त्याचा धूर, धूळ अंगात जाते आणि शिसं हाडात वर्षानुवर्षं बसून राहतं. शुक्राणू कमी होतात, मंदावतात. दुसरं कॅडमियम. हे स्फुरदाच्या खतातून थोडं थोडं जमिनीत येतं, आणि तंबाखूचं झाड ते ओढून पानात साठवतं. बिडी ओढली की ते थेट छातीत.

माझं मत स्पष्ट आहे. बॅटरी फोडू नका, नवी घेताना जुनी दुकानात द्या. बिडी-तंबाखू सोडा. वीर्य तपासणीत सुईसुद्धा टोचत नाहीत, मग लाज कसली? डॉक्टरांना आपलं काम काय ते सांगा. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.

तोवर सुनेला बोल लावू नका.